माझ्या रागाचं काय झालं

माझा राग नाकावर असायचा. आमच्या पोशीर गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कुणाचं जनावर भातात शिरलं, कुणी बांध फोडून पाणी आपल्या खाचरात वळवलं, की मी असा काही ओरडायचो की पलीकडच्या आळीतले लोक हसत म्हणायचे, पेटला बघा. अर्ध्या तासात मी त्याच माणसाच्या ओटीवर बसून चहा पीत असे. माझं बोलणं कुणी मनावर घेत नसे. माझ्या रागाला गावात एक जागा होती, असं आता म्हणता येतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की सगळे गाढव आहेत.

साजगावच्या एका कारखान्यात मी पाळीनं कामाला जात होतो. पावसाळ्यात रजा टाकून भात लावायचं आणि बाकीचं वर्ष यंत्रापुढं उभं राहायचं, असं आमच्यातल्या पुष्कळांचं चाले. तिशी ओलांडली आणि एका वर्षी माझी झोप गेली. आधी थोडी, मग सगळीच. मग पाळीचा भोंगा वाजला की त्यात मला माझं नाव ऐकू यायला लागलं. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी घरातलं पाणी प्यायलाही घाबरत होतो. लग्नाला आठ वर्षं झाली होती. माझ्या आरडाओरड्याला कधी न घाबरलेली बायको माझ्या गप्प बसण्याला घाबरली.

पहिल्यांदा मला डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर भगताकडे नेलं. भगताची टिंगल करायची हल्ली पद्धत आहे; मी करणार नाही. त्या म्हाताऱ्यानं माझा हात धरून सांगितलं, हे बाहेरचं हाय, तुझा काय दोष नाय यात. ते ऐकून मी हमसून हमसून रडलो. झोप मात्र आली नाही. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिथं चार महिने काढले. गोळ्यांनी झोप आली, भोंग्यातलं नावही गेलं. डॉक्टर भला माणूस होता. घरी सोडताना म्हणाला, "गोळ्या बंद करू नका. आणि माणसांत राहा, कामात राहा." त्याचे उपकार मी विसरणार नाही. फक्त एक झालं. आजार आता बाहेरचा राहिला नव्हता, कागदावर माझ्या नावापुढं लिहिला गेला होता.

गावात आलो तो लावणीच्या तोंडावर. आमच्याकडे लावणी सावडीनं व्हायची. आज सगळी आळी तुमच्या खाचरात, उद्या तीच आळी, तुमच्यासकट, शेजाऱ्याच्या खाचरात. ज्यानं आपल्याकडे चिखलात पाय घातला, त्याच्याकडे आपण घालायचा. ज्याला सावडीला हाक येत नाही तो म्हातारा झाला किंवा वाळीत पडला असं समजायचं.

आमच्या खाचरात त्या वर्षी झाडून सगळे आले. मला बांधावर बसवलं. डोक्यावर इरलं दिलं, दुपारी पहिली भाकरी माझ्या हातात ठेवली. मी सवयीनं म्हणालो, "रोपं फार दाट लावताय." तर चारी बाजूंनी "बरोबर हाय, बरोबर हाय" झालं आणि लोक खरंच पातळ लावायला लागले. जन्मात कधी माझं कुणी ऐकलं नव्हतं. हातातली भाकरी मी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सावड फिरू लागली आणि मला कुणी हाक मारली नाही. माझ्याऐवजी बायको जायची. आमच्या बांधाला लागून चुलतभावाचं खाचर. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि आमची भांडणं गावात सगळ्यात मोठी. त्याला विचारलं, "उद्या तुझ्याकडं ना रं?"

"दादा, तू आराम कर. वैनी येते ना, झालं की."

त्याच्या बोलण्यात नुसती माया होती. मायेवर ओरडायचं कसं, मला कळेना. सगळी आळी तशीच वागत होती. पत्त्यांत मी भलतं पान टाकलं तरी जोडीदार हसायचा. माझं जनावर कुणाच्या परसात शिरलं तर ते आणून गुपचूप गोठ्यात बांधायचे. दवाखान्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तिथं शेजारच्या खाटेवरचा माणूस निदान चादरीवरून माझ्याशी भांडायचा.

शेवटी मी न बोलावता गेलो. चुलतभावाच्या खाचरात वीसेक माणसं वाकलेली होती, बायकांचं गाणं चाललं होतं. मी चिखलात उतरलो आणि गाणं थांबलं. कुणीतरी सरकून जागा दिली. एका बाजूला चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला बायको. मी रोपांची जुडी घेऊन सुरुवात केली.

गोळ्यांनी हात थरथरायचे, पाठ लाकडासारखी झाली होती. रोप चिखलात टोचून अंगठ्यानं दाबायचं, एवढं साधं काम. पण माझी रोपं आडवी पडायची, पाण्यावर तरंगायची. लावणी करताना माणूस मागं मागं सरकतो, त्यामुळं आपलं काम आपल्याच डोळ्यांसमोर राहतं. मी एक पाऊल मागं झालो की चुलतभाऊ हात लांब करायचा, माझं तरंगणारं रोप उचलायचा आणि नीट लावायचा. एक शब्द नाही. एरवी कुणाचं रोप तरंगलं तर आमच्यात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मी दोन ओळी सोसलं. तिसऱ्या ओळीला तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली जुडी मी चिखलात आपटली.

"अरे, शिव्या घाला की मला! हात मोडले का म्हणून विचारा! मेलो काय मी?"

कुणी हसलं नाही. कुणी उलट बोललंही नाही. चुलतभावानं माझ्यावरून नजर काढून माझ्या बायकोकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "वैनी, आजची गोळी दिली काय?"

मग त्या दोघांनी मला दंडाला धरून बांधावर आणलं, अगदी जपून. मी आलो. प्रतिकार केला असता तर तोही आजारच ठरला असता, हे मला तेवढ्यात उमगलं होतं. माझी झोप मला परत मिळाली होती, कान परत मिळाले होते. राग मिळणार नव्हता. ज्याला एकदा तिकडं नेऊन आणलं त्याचा राग हा राग राहत नाही, लक्षण होतो. डॉक्टरनं हे सांगितलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

त्या संध्याकाळी बायको चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी बाजूला बसलो होतो, मान खाली घालून. ती तव्याकडे बघतच बोलली.

"आज तुमी ओरडलात ना, मला लय बरं वाटलं. म्हटलं, आला माझा माणूस घरी."

मी वर बघितलं तर तिचे डोळे भरले होते. पिठाच्या हातानंच तिनं माझं मनगट धरलं.

"पण परत ओरडू नका. अवो, परत नेतील तुमाला. मी एकटीनं काय करू?"

मी बरं म्हणालो. तिला दिलेला तेवढा एकच शब्द मी पाळला.

पुढच्या वर्षी मला सावडीला हाक आली. गोळ्या कमी झाल्या, हात थरथरायचे थांबले, कारखान्यानंही परत घेतलं. किती शांत झाला, असं लोक कौतुकानं म्हणू लागले. गुरं माझ्या भातातून गेली, मी हसलो. चुलतभावानं बांध हातभर माझ्याकडे सरकवला, मी हसलो. बायको अशा वेळी माझ्याकडे चोरून बघायची. एकदोनदा तिनं आमटी मुद्दाम खारट केली असावी असा मला दाट संशय आहे. मी मुकाट जेवून उठलो. तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसलं त्याचा मला अजून त्रास होतो.

दहा वर्षांनी ती तापानं गेली, तीन दिवसांत. ओटीवर सगळी आळी जमली. मला छाती फुटेपर्यंत ओरडायचं होतं, देवावर, तापावर, तिच्यावर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या उशाशी बसून राहिलो. चुलतभावानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, "बघा, दादा आता पार बरा झाला."