अक्कांच्या चपला आणि आबांचं नसणं

लग्न करून सासरी आले तेव्हा गाडीतून उतरताना चपला माझ्या पायात होत्या, आणि घराच्या दारात पोचले तेव्हा त्या हातात होत्या. मधलं अंतर असेल दीडशे पावलांचं.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माहेर माझं पहूरचं. आमच्याकडे बाया कपाशी वेचायला जायच्या त्या रबरी स्लिपर घालून, त्यातही बहुतेकींच्या पायात घरातल्या पुरुषांच्या जुन्या, निळ्या पट्ट्यांच्या, टाचेमागे दोन बोटं उरणाऱ्या. माझ्या आईला कुणी हसलं तर ती म्हणायची, पाय पोयले त मंग काम कोन करीन? तिच्या लेखी चपलेचं काम पाय वाचवायचं, बस्स. चपलेला बाई-पुरुष कळतो ही अक्कल मला धुळ्याकडच्या सासरी गेल्यावर आली.

तिथे पुरुषाची स्लिपर वाजलीच पाहिजे. फटक फटक आवाज गल्लीत शिरला की आतल्या बायांनी पदर पुढे ओढायचा, म्हणजे ती स्लिपर नव्हे, वर्दीच होती. बाईची स्लिपर मात्र वाजता कामा नये. वाजली तर माहेरच्यांनी वळण लावलं नाही. आणि वाटेत कुणी वडीलधारा पुरुष बसलेला दिसला, की चपला काढून हातात घ्यायच्या, त्याही पदराखाली झाकून, कारण हातातल्या दिसणंही बरं नव्हे. कोंबडी चोरून नेल्यासारखी मी चपला घेऊन चालायची. वैशाखात मातीचा नुसता फुफाटा झालेला असायचा. वडीलधारे बसायचे सावलीत, पायात चपला घालून, आणि आम्ही उन्हातून टाचा उचलत जायचो. कुणाच्या बापाने हा कायदा केला कोण जाणे, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. माझीही नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. गल्लीच्या तोंडाशी आबांचा ओटा. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, सासूबाईंचे जेठ. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणायची. आबा सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसायचे ते दिवेलागणीला उठायचे. सोबत त्यांचे दोन म्हातारे दोस्त आणि पत्त्यांचा कॅट. गावात, देवळात, मोटारस्टँडवर, कुठेही जायचं तर त्या ओट्यासमोरूनच जावं लागायचं. अक्का लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, तिथे चपला काढत होत्या. जेठांशी बोलायचीही पद्धत नव्हती. चाळीस वर्षांत दोघांत एक शब्द झाला नव्हता. निरोप असला तर तिसऱ्या माणसाला सांगायचा, तो शेजारीच उभा राहून पुन्हा म्हणणार, मग यांनी ऐकायचा. दोन हातांवरचं माणूस, पण मध्ये पोस्ट ऑफिस.

अक्कांना साखरेचा आजार होता. पायाला बधिरपणा आलेला. एकदा आबांच्या ओट्यासमोर चपला हातात असताना बाभळीचा काटा गेला, तो त्यांना कळलाच नाही. चार दिवसांनी पाऊल सुजून टम्म. धुळ्याच्या दवाखान्यात करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी मऊ रबराच्या स्लिपरा दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे एक पाऊलही अनवाणी नाही, नाहीतर पुढच्या खेपेला आख्खा पाय जाईल. मी तेच अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मोटारीतून उतरलो, गल्लीच्या तोंडाशी आलो, आबा ओट्यावर होतेच, आणि ही बाई पट्टी बांधलेल्या पायातली स्लिपर काढायला वाकली.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना तसंच मागे नेलं. त्या दिवशी आम्ही दोघी शेजाऱ्यांच्या गोठ्यातून, म्हशीच्या पोटाखालून म्हणायचं तेवढंच बाकी ठेवून, मागच्या दाराने घरात शिरलो.

रोज काही गोठ्यातून जाता येणार नव्हतं, मग घरात खल सुरू झाला. माझे सासरे, नाना, म्हणाले की बैलगाडीतून नेऊ. म्हणजे ओट्यासमोरच्या पंचवीस पावलांसाठी गाडी जुंपायची. दोन दिवस जुंपलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी अक्कांनाच कुणीतरी म्हटलं, की जेठ खाली बसलेले आणि भावजय उंच गाडीत, हे चपलेपेक्षा वाईट. झालं, अक्का गाडीत चढेनात. मग नानांनी ओट्यापुढे चादर बांधायची टूम काढली. आबांनी विचारलं, कोण बाळंत झालं? चादर उतरली. अक्कांनी बाहेर जाणंच सोडलं. देऊळ बंद, शेजारी पापड लाटायला जाणं बंद. खिडकीतून गल्ली बघत बसायच्या. मला त्यांची इतकी कीव यायची आणि रागही तितकाच यायचा. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या आबांना कुणी विचारलंच नव्हतं.

एका सकाळी मी गेले. चपला काढून, पदर घेऊन, सगळं रीतसर. आणि सांगून टाकलं, की आबा, असं असं आहे, डॉक्टर असं म्हणाले, अक्कांना चपला घालूनच जावं लागेल. पहूरची पोर आहे, तोंडाळ आहे, असं काहीतरी ते म्हणतील याची तयारी ठेवली होती. आबांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. परवानगी दिली तर चाळीस वर्षांची रीत मोडली, नाही दिली तर भावजयीचा पाय गेला. शेवटी आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावरून तोंडावर ओढून पाहिलं, पुन्हा खाली केलं आणि म्हणाले,

"तिले सांग, ती निंघनी का मी आठे शेच नही."

असा तोडगा निघाला. आबा आहेत, पण नाहीत. अक्कांनी तो ऐकला आणि लगेच मान्य केला. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल, पण नियमात बसतंय म्हटल्यावर त्यांची ना नव्हती. घरातून निघताना अक्का दारात खाकरायच्या. तिकडे आबा उपरणं तोंडावर घ्यायचे. अक्का स्लिपर घालून समोरून जायच्या. पुढे वळणावर पोचल्या की पुन्हा खाकरायच्या. आबा परत यायचे.

आता आबा नाहीत म्हटल्यावर त्यांच्या दोस्तांनी तरी कसं असावं? तेही उपरणी ओढू लागले. ओट्यावर तीन म्हातारे ओळीने तोंड झाकून बसलेले. एकाने घाईत तोंडातली बिडी काढली नाही, उपरण्याला भोक पडलं. दुसरा त्या तेवढ्या वेळात कॅटमधलं वरचं पान बघून घ्यायचा, त्यावरून महिनाभर अबोला झाला. एकदा चाळीसगावकडचे पाहुणे आबांच्या नातीच्या सोयरिकीचं बोलायला आले, ते नेमके अक्का गल्लीत असताना. त्यांनी ओट्याशी येऊन विचारलं, आबांचं घर हेच का, आबा आहेत का? उपरण्याच्या आतून उत्तर आलं,

"आबा नही शेत. जराखा थांबा, यी राहयनात."

पाहुणे थांबले. अक्का वळणावर खाकरल्या. आबांनी उपरणं काढलं आणि या, बसा म्हणाले. सोयरीक जमली नाही. नंतर कळलं, त्यांना घराण्यात काहीतरी असल्याची शंका आली होती.

अक्कांचा हुरूप मात्र वाढला. आधी दिवसातून दोनदा जायच्या, आता आठ-आठदा. मीठ आणायला गेल्या, विसरल्या म्हणून परत, मग काडेपेटीला वेगळी खेप. चाल बदलली. पूर्वी भिंतीला घासून जायच्या, आता गल्लीच्या मधोमध. स्लिपर वाजायला लागली. एकदा तर ओट्यासमोर थांबून मांजराची चौकशी केली. जेठ नव्हतेच ना, मग कुणाची भीती? आणि बाकीच्या सुनांनी हे हेरलं. अक्का खाकरल्या की चार दारांतून चार जणी निघायच्या, मी धरून पाच, सगळ्या चपला घालून, अक्कांच्या मागोमाग. फटक फटक सगळी गल्ली वाजायची. अनवाणी पायांनी मी तो रस्ता इतकी वर्षं तुडवला होता. चपला घालून पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आवरेना आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. त्या संध्याकाळी आबांनी मला बोलावून अगदी गंभीरपणे विचारलं, "तुनी सासूले कितला पाय शेत?"

मी म्हटलं, दोनच, पण बरे झालेत. आबा हूं म्हणाले. उपरणं मात्र कधी चुकवलं नाही. उलट रोज सकाळी समोरची वाट झाडताना काटा-कुटा राहिला तर नातवावर ओरडायचे. पाय कसा आहे, हेही मलाच विचारायचे. मी घरी जाऊन अक्कांना सांगायची, आबांनी विचारलंय. अक्का म्हणायच्या, त्यांना सांग, ते नसतात तेव्हा बरा असतो.

सहा-सात वर्षं हे असं चाललं. पाय राहिला.

मग एका हिवाळ्यात, सकाळचा चहा हातात असतानाच आबा गेले. ओट्याखाली, त्याच वाटेवर, त्यांना ठेवलं होतं. आम्ही घरून निघालो. दारात अक्का सवयीने खाकरल्या. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही. पण ओट्यावर बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि दोघांनीही उपरणी तोंडावर ओढली. उपरणी हलत होती, आत दोघं रडत होते. पांढऱ्या कापडाखाली आबा तेवढे निश्चल होते.

अक्का त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वाकून स्लिपर काढायला लागल्या. मी हात धरला. म्हटलं, अक्का, पाय. डॉक्टर. त्यांनी माझा हात बाजूला केला, दोन्ही स्लिपरा काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या. चार बोटांचं ते पाऊल किती वर्षांनी मातीला लागलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारून त्या पंचेचाळीसेक वर्षांत पहिल्यांदा जेठांशी बोलल्या, तिसऱ्या कुणाला न सांगता, थेट, त्यांच्या झाकल्या डोळ्यांकडे बघत.

"डोया उघाडा आते. चपला काढ्यात मी."