बनसोडेंचा हवालदार

बनसोडेंच्या दारावर थाप मारली की आतून आधी प्रश्न यायचा, ‘‘कोन? आन् काय काम?’’ देवगाव रंगारीहून सासूबाई आल्या, डोक्यावर बाजरीचं गाठोडं, तरी तोच प्रश्न. सासूबाईंनी बाहेरूनच लेकीला विचारलं, ‘‘तुला ह्योच घावला व्हय गं?’’

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इवल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत ते माझ्या शेजारी बसत. ऑफिसच्या चॅट ग्रुपसाठी त्यांनी एक बॉट लिहिला होता, नाव हवालदार. ग्रुपवर हुकूम द्या, हवालदार माणसांना आत घेणार, बाहेर काढणार. पण हुकमाचा अधिकार फक्त मालकांना. आता मालक दर सणाला ग्रुपवरचं आपलं नाव बदलणार, कधी पुढे ‘युवा उद्योजक’, कधी मागे झेंडा; त्यातलं ‘साहेब’ तेवढं कायम. वैतागून बनसोडेंनी सोपी वाट धरली: नावात ‘साहेब’ दिसलं की हुकूम मान्य.

आठवडाभरात सगळं ऑफिस साहेब झालं. मीही झालो, फुकटचं कोण सोडतो? मग विक्रीवाल्या पवारसाहेबांनी गंमत म्हणून मालकांनाच हाकललं, तेही बिडकीनचं गिऱ्हाईक ग्रुपवर असताना.

‘‘चूक माझी,’’ बनसोडे म्हणाले. ‘‘नाव काय, कुनीबी लावतंय.’’ त्याच दिवशी त्यांनी हवालदाराला नवी शिस्त लावली. नाव बघायचंच नाही. प्रत्येक हुकमाला आधी ‘थांबा, तपासतो’ म्हणायचं आणि त्या खात्याला खरोखर हक्क आहे का, हे सर्व्हरला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ग्रुपवर परत येऊन हुकूम दिला. हवालदार म्हणाला, ‘थांबा, तपासतो.’ गिऱ्हाइकाने हसरा चेहरा पाठवला आणि मालक लालबुंद झाले.

‘‘मला तपासायचं नाही! ती ओळ काढा.’’

‘‘नाय निघायची साहेब. तुमचा फोन दुसऱ्याच्या हाती लागला, म्हनून खात्याचा हक्क काढला, तरी न तपासता त्याचा हुकूम चालंल. तपासनी सगळ्यांची.’’

‘‘मग उद्यापासून तुम्ही येऊ नका.’’

मी त्यांच्या कानाशी लागलो, ‘‘एका ओळीपायी नोकरी घालवता?’’

‘‘एक काढली की त्यो हवालदार नाय ऱ्हात, हुजऱ्या व्हतो.’’

निघण्याआधी त्यांनी दुरुस्तीसाठी स्वतःकडे ठेवलेला हक्कही काढून टाकला. मग मला ग्रुपमधून हाकलायचा हुकूम दिला. हवालदार म्हणाला, ‘थांबा, तपासतो.’ आणि लगेच, ‘तुम्हाला हक्क नाही.’

बनसोडेंनी मांडीवर थाप मारली. ‘‘बगा! बापालाबी सोडलं नाय!’’ एवढं म्हणून ‘जय भीम’ घातला, डबा उचलला आणि गेले. मला हसू आलं, आणि डोळेही भरले.

हवालदार आता माझ्याकडे आहे. ती ओळ काढली का, असं मालक येता-जाता विचारतात. मी म्हणतो, ‘‘थांबा, तपासतो.’’