अर्ध्या डावाची मेमरी

घड्याळजी रोज संध्याकाळी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घरच्या कॉम्प्युटरशी बुद्धिबळाचा एक डाव खेळत आणि हरत. एकोणीस वर्षं हा नेम चुकला नव्हता; खेळण्याचाही आणि हरण्याचाही. बुद्धिबळाचा तो प्रोग्राम मशीनइतकाच जुना होता आणि दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालायला तयार नव्हता.

आणि एका मंगळवारी घड्याळजी जिंकू लागले. कॉम्प्युटरने वजीर गमावला. एकेचाळिसाव्या खेळीला, घाईत चूक नको म्हणून, डाव सेव्ह करून त्यांनी मशीन बंद केलं.

"उद्या शांत डोक्याने मारतो," ते बायकोला म्हणाले.

"कुणाला?" तिने दचकून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. पडदा काळा आणि आतून तीन लांबलचक शिट्या. घड्याळजींनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबरने घासले. पुन्हा शिट्या.

"हरायची वेळ आली की आजारी पडायचं," बायको म्हणाली, "हुशार आहे हो!"

जुने सुटे भाग विकणाऱ्या बाईंकडे तसली पट्टी मिळाली, पण चौपट मोठी. "लहान आता कुणी ठेवत नाही, काका. ही घ्या, पळेल."

पट्टी खाचेत चपखल बसली. शिट्या थांबल्या. मशीन सुरू झालं, जरा घुटमळलं आणि पडद्यावर तक्रार आली: मेमरी अपुरी आहे.

घड्याळजींनी बाईंच्या दुकानात फोन लावला. "अपुरी? अहो, चौपट दिलीय त्याला!"

"म्हणूनच, काका. एवढी मेमरी सांभाळायला त्याच्या काळी त्याला कुणी शिकवलंच नाही. गोंधळतं आणि हात वर करतं. थोडी लपवून ठेवा."

"लपवू कुठे? फडताळात?"

"आहे तिथेच राहू दे हो. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घाला, मेमरीच्या पहिल्या पाव हिश्शापुढे बघायचं नाही म्हणून. घ्या लिहून."

घड्याळजींनी ओळ घड्याळाच्या पावतीमागे उतरवली, पण टाइप करायला हात धजेना. जेवतानाही घास हातातच.

"प्रतिस्पर्ध्याची पाऊण मेमरी लपवून जिंकायचं? ही लबाडी झाली."

"पूर्वी तेवढीच होती ना त्याला?"

"होती. पण आता जास्त आहे. असून वापरू द्यायची नाही..."

"सगळं आठवत असून थोडंच आठवतंय असं दाखवायचं, एवढंच ना? मी या घरात रोज करते. टाइप करा."

त्यांनी भिंग लावून एकेक अक्षर टाइप केलं. मशीन निमूटपणे सुरू झालं. डाव जसाच्या तसा उघडला. त्यांचा वजीर पटावर, त्याचा नाही. पण घड्याळजी खेळी करेनात. बराच वेळ बसून शेवटी त्यांनी बरोबरी मागायचं बटण दाबलं.

"अहो, हे काय?" बायको ओरडली. "चाळीस वर्षांत माझ्याशी कधी बरोबरी केली नाहीत!"

"मनाला लागून राहिलं असतं गं. हो म्हणाला तर म्हणाला."

वजीर नाही, एक हत्ती अडकलेला, चार प्यादी उरलेली. मशीनने पुरतं मिनिटभर घरघरत विचार केला. मग पडद्यावर उत्तर आलं: बरोबरी नामंजूर.

"नाही म्हणतोय!" घड्याळजी खुर्चीवरून उठलेच. "बघ, स्वतःच्या तोंडाने नाही म्हणतोय!"

"मग मारा आता मेल्याला." बायकोने खुर्ची पुढे ओढली.

चार खेळ्यांत मात झाली. दोघं पडद्याकडे बघत राहिली. रोजच्यासारखं मशीनने विचारलं, आणखी एक डाव?

"नको," घड्याळजी हळूच म्हणाले आणि त्यांनी मशीन बंद केलं. "आज त्याचं मन थाऱ्यावर नसेल."