फरशीवरची बाई

“पूस ते. तुझ्याच पदरानं पूस.”

आक्का एवढंच म्हणाल्या. मी पुसलं. गुडघ्यांवर बसून, चाळीस बायकांसमोर, फरशीवर रांगोळीनं काढलेली माझीच आकृती मी माझ्या पदरानं पुसली. आधी पाय, मग कंबर, मग डोकं. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

पाटणच्या पुढं डोंगराच्या अंगाला ते गाव. मी कुंडलकडची. बायकांच्या आरोग्याची शिबिरं घ्यायची, दुखणं बोलतं करायचं, दवाखान्यापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. खंडाळ्यापासून पलूसपर्यंत गावं पालथी घातली. बायका दुखणं तोंडानं सांगत नाहीत. अंगावरून जातंय हे सख्ख्या आईला सांगणार नाहीत, तिथं मला कुठलं सांगतात? म्हणून एकीला जमिनीवर झोपवायचं आणि तिच्या कडेकडेनं रांगोळी ओढायची. ती उठली की फरशीवर एक बाई उरते. मग प्रत्येकीनं आपलं जिथं दुखतं तिथं त्या बाईवर ज्वारीचे चार दाणे ठेवायचे. बोलायचं नाही. आधी मी टिकल्या द्यायचे. एका गावात एका विधवेनं टिकल्यांचं पाकीट बघून हात पाठीमागं नेला, तेव्हा माझी अक्कल ठिकाणावर आली. तेव्हापासून ज्वारी.

त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात झोपायला कुणी तयार होईना. मग मीच झोपले. रांगोळी ओढून झाली, मी उठले. बायका दाणे घेऊन सरसावल्या. सगळ्यांत पुढं शालन. आक्कांची सून. ती वाकली आणि तिचा हात आकृतीच्या ओटीपोटावर गेला.

तेवढ्यात आक्कांनी विचारलं, “ताई, आडनाव काय म्हनायचं तुमचं?”

आक्का गावातल्या थोरल्या घरच्या. त्यांच्या शब्दाबाहेर तिथली बाई जात नाही. मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं. आक्कांना कळायचं ते कळलं. त्यांनी शालनचं मनगट धरलं.

“आपली दुखनी हिच्या अंगात घालू नका गं.”

आणि मग ते पुसणं. पुसून झाल्यावर त्यांनी गोमूत्राची बाटली मागवली. दुकानातली, वर गाईचं चित्र. मी झोपले होते तेवढीच फरशी त्यांनी शिंपडून घेतली. मी तिथंच उभी होते. कुणी मला जा म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही.

शालनचा हात कुठं गेला होता ते मी पाहिलं होतं. माझं कामच ते. तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. पण मला माझ्या लाजेपलीकडं काही दिसलं नाही. मिळेल ती एसटी धरून घरी आले.

आमच्या संस्थेच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी नुसतं नाव सांग. शेवटी काम महत्त्वाचं.”

मी ऐकलं. याची मला आजही चीड येते. पाऊण वर्ष मी नुसतं नाव सांगत फिरले. कुणी आडनाव विचारलं की हसायचे, चहाचा विषय काढायचे. शिबिरं झकास झाली. बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या. मला घास गोड लागायचा नाही.

मग कराडच्या एका दवाखान्यात शालन भेटली. दुसऱ्याच एका बाईला घेऊन गेले होते. खाटेवरून तिनंच हाक मारली. मी आधी ओळखलंच नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पार पसरलेला.

“ताई, तवाच सांगनार हुते मी,” ती म्हणाली. “लय दिस अंगावरनं जात हुतं.”

“मग नंतर का नाही आलीस? शिबिराच्या सुरुवातीलाच सगळ्यांना फोन नंबर दिला होता मी.”

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. “खोटं कशाला बोलू? आत्तींनी हात धरला त्यो धरलाच. पर मलाबी किळस आली हुती तुमची. म्हनलं, ह्यांच्याफुडं आपलं कशाला उघडं करायचं?”

मरायला टेकलेली बाई. मला तिचा राग आला आणि त्या रागाचीच शरम वाटली. तिची चादर नीट केली आणि बसून राहिले. पंधरा दिवसांत ती गेली. पोरगी पाचवीत होती.

महिन्याभरानं मॅडमनी त्याच गावात शिबिर ठरवलं. शालनमुळं बायका घाबरल्यात, आता येतील, असं त्या म्हणाल्या. “झोपायला दुसऱ्या ताईला सांग. तू मागं बस, नोंदी कर.”

“नाही,” मी म्हणाले. “घेतलं तर मीच घेणार. नाहीतर तुमची नोकरी तुम्हाला लखलाभ.”

त्याच सभामंडपात उभी राहिले. नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. बौद्ध आहे म्हणून सांगितलं. “शालनला वाचवता आलं असतं,” म्हणाले. “वेळेवर तपासलं असतं तर. तुमच्या आक्कांनी तिचा हात धरला आणि मी मान खाली घालून निघून गेले. आम्ही दोघींनी मिळून तिला घालवली.”

“तोंड सांभाळ,” आक्का उठून म्हणाल्या. “माझ्या सुनंचं नाव घ्यायची तुझी लायकी न्हाई.”

त्या चालत्या झाल्या. त्यांच्यामागं निम्म्या बायका उठल्या. मी कुणालाही थांबवलं नाही. गेलेल्यांत एखादी आजारी असेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिच्यासाठी मी तिच्या दारात दहा वेळा जाईन. शिव्या खाईन. दवाखान्याच्या रांगेत तिच्यासाठी उभी राहीन. पण जाईन ती आडनावासकट. मी मान खाली घातली, त्यानं शालन वाचली नाही. आता जिला किळस येते तिनं माझ्या तोंडावर सांगावं, आणि ती किळस गिळून तपासणीला यावं.