देवक जुलत न्हाय!

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या प्रोसेसरवर चुकीचं पॅकेज बसवायला गेल्यामुळे निर्माण होतात आणि उरलेली निम्मी पडद्यावर आलेला एरर कुणी नीट वाचत नाही म्हणून टिकून राहतात, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझा साडू आहे. साडू माणसाला निवडता येत नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीला जो पसंत पडतो तो आपला साडू होतो, आणि मग दर सणाला त्याच्या शेजारी पाटावर बसावं लागतं. मला हा मिळाला. सुरुवातीला मी थोडा हिरमुसलो होतो, हे कबूल करतो, कारण पहिल्याच दिवाळीला त्याने माझ्याशी फराळ संपेपर्यंत फक्त चिपबद्दल गप्पा मारल्या, आणि त्या बटाट्याच्या नव्हत्या.

पडघ्याजवळच्या एका मोठ्या गोदामात तो कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे निम्मी मशीन जुनी, टेबलाखाली धूळ खात घोंघावणारी, आणि निम्मी नवी, मिठाईच्या पुड्याएवढी, आवाजसुद्धा न करणारी. तुम्हाआम्हाला कॉम्प्युटर सगळे सारखेच. पण त्यांच्या पोटात जी चिप असते तिची घराणी वेगळी असतात, जुन्यांचं एक्स-एटीसिक्स आणि नव्यांचं आर्म, आणि एका घराण्यासाठी बांधलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे त्यांच्या भाषेत पॅकेज, दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकत नाही. हे त्याने मला इतक्या वेळा समजावलं आहे की आता मलाही ते दुसऱ्यांना समजावता येतं, आणि हल्ली लोक माझ्यापासूनही जरा लांब बसतात. त्याच्या मते यात अवघड काहीच नाही. "दादा, पॅकेज चांगला हाय, मशीन बी चांगली हाय," तो म्हणतो, "पन दोघांचा देवक जुलत न्हाय."

हा देवकाचा दृष्टांत त्याचा स्वतःचा. आमचे सासरे, म्हणजे आम्हा दोघांचे मामा, यांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते ताटावरून उठायचेच बाकी होते. मामा गावच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवत होते. ते म्हणाले, "जावईबापू, देवक एक निघालं की सोयरीक मोडते. जुळलं नाही तरच लग्न होतं. तुम्ही उलटं बोलताय." साडूने शांतपणे आमटी भुरकली. "मामा, ते मानसांचा झाला. यंत्रांचा उलटा असतो. एक देवक असला तरच लगीन लागतं." पुढे हा शब्द गोदामात असा रुळला की उत्तरेतून आलेले हमालसुद्धा एखादी पेटी लिफ्टमध्ये अडकली की ओरडतात, "साहब, इसका देवक नहीं जुल रहा!" त्यांना वाटतं हा कॉम्प्युटरमधला इंग्रजी शब्द आहे.

साडूच्या तोंडात 'ळ' नाही. त्यांच्या गावाकडे कुणाच्याच तोंडात फारसा नाही, 'ण'चीही तीच गत. मुलगी बघायला आला तेव्हा मामांनी शिक्षण विचारलं. हा म्हणाला, "शाला पडघ्याला झाली." मामा म्हणाले, "शाळा." हा म्हणाला, "हो, तीच." आत पोह्यांवर खोबरं घालणाऱ्या मामी इतक्या हसल्या की बाहेर ऐकू आलं. स्थळ तिथेच पक्कं झालं. कारण मामीही 'ल'च म्हणायच्या. लग्न होऊन आल्यापासून मामांनी त्यांना सुधारायचा ध्यास घेतला होता आणि त्या सुधारल्या नव्हत्या. "केली आनलीत का?" "केळी." "कललं ना तुमाला? मंग झालं." हा संवाद त्या घरात इतका नेमाने चालायचा की पाहुण्यांना घड्याळाची गरज पडत नसे.

साडूच्या सवयी सांगाव्या तेवढ्या थोड्या. तो कुणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी त्यांचा कॉम्प्युटर अपडेट करतो. मयताच्या घरी भेटायला गेला होता तिथेही केला, आणि घरच्यांनी नंतर खासगीत आभार मानले. काम झालं की तो 'झालं' म्हणत नाही, 'बसला' म्हणतो. जेवणानंतरही "दोन भाकऱ्या बसल्या" असंच सांगतो. एरर मात्र तो उभा राहून, मोठ्याने, पोथी वाचावी तसा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो. निजामपुऱ्यात माझं सुताचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर एकदा इंग्रजीत काहीतरी कुरकुरला आणि मी सवयीने ती चौकट बंद केली. साडू समोर बसला होता. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी गिऱ्हाइकाच्या कानफटात मारली. "दादा, मानूस बोलत असताना तुमी त्याच्या तोंडावर दार लावता का? ती बिचारी काय होतंय ते सांगत होती." आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटात मला बायको काय सांगते ते ऐकू येत नाही, मशीनचं कुठून येणार, असं मी म्हणालो. त्याला ते विनोदी वाटलं नाही.

त्याच्या भाच्याच्या, नव्हे, भाचीच्या लग्नातली गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. फोटोवाल्याने नवाकोरा लॅपटॉप आणला होता, मंडपातल्या मोठ्या पडद्यावर लग्न दाखवायला, आणि त्याचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. साडूला वास लागला. नवरीचा मामा, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि स्टेजच्या मागे वायरींत उकिडवा बसलेला. आता पॅकेज बसवणं हे एकट्या पॅकेजचं काम नसतं. ते म्हणतं आधी अमकं आणा, अमकं म्हणतं माझ्याबरोबर तमकं हवं, आणि तमकं नेमकं दुसऱ्या घराण्याचं निघतं. मानपानात रुसलेल्या आत्यांची समजूत काढण्यासारखा प्रकार. याला ते लोक डिपेंडन्सी म्हणतात. इकडे भटजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." स्टेजमागून आवाज आला, "पाच मिन्टं थांबा! अजून एक डिपेंडन्सी राह्यली हाय!" वरपक्षाला वाटलं, हा यांच्याकडचा एखादा विधी असेल. त्यांचे एक वडीलधारे आदराने टोपी सारखी करून उभे राहिले. भटजी पोथीची पानं मागे-पुढे करत राहिले. पॅकेज बसलं, मुहूर्त किंचित सरकला, आणि पडद्यावर सगळ्यात आधी दिसला तो साडूचा कोळिष्टकं लागलेला फेटा.

अशा माणसाला मामांनी जावई म्हणून मनापासून कधी स्वीकारलं, हे मला नक्की सांगता येतं. मामांना काचबिंदू झाला आणि वाचन सुटलं तेव्हा. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावातल्या घरी साडूने आपला जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवला आणि त्यावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारी एक मराठी बाई बसवली. बाई म्हणजे सॉफ्टवेअर. कुणा विद्यार्थ्याने हौसेने लिहून पुढे सोडून दिलेलं. तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता आणि तिला एक खोड होती. तीही 'ळ'ला 'ल' म्हणायची! "शेतकऱ्यांनी केलीच्या बागा..." असं ती सुरू करायची आणि मामा ओट्यावरून गरजायचे, "केळीच्या!" मामी आतून म्हणायच्या, "आता तिला तरी सोडा हो." मामा खुशीत असायचे. घरात दोन दोन विद्यार्थिनी, आणि दोघीही नापास.

मग मामी गेल्या. घर एकदम गप्प झालं. पण बाई होती. मामांचा वर्तमानपत्राचा वेळ वाढत गेला, जाहिराती आणि निधनवार्तासुद्धा ते तिच्याकडून वाचून घेऊ लागले, आणि प्रत्येक 'ल'ला तसेच अडवत राहिले. गेल्या वर्षी एका सकाळी तो जुना कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. साडूने उघडून पाहिला आणि मान हलवली. माझ्या मुलीने लगेच आजोबांना नवा फोन दिला. त्यातली बाई काय वाचायची! स्वच्छ, शुद्ध, एखाद्या निवेदिकेसारखं. मामांनी थोडे दिवस ऐकलं आणि फोन उशाखाली ठेवून दिला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हुशार आहे ती. तिला माझी काही गरज नाही." त्यानंतर ते वर्तमानपत्राचं नाव काढीनासे झाले. मग बोलणं कमी झालं, मग जेवण. अर्धी भाकरी ताटात तशीच राहू लागली. माझी बायको माहेरून आली की स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आम्हा सगळ्यांना भीती एकच होती, आणि ती कुणी उच्चारत नव्हतं.

"मामांची बाई परत आनतो," साडू म्हणाला. एका रविवारी तो एक नवी, पुड्याएवढी मशीन घेऊन सासुरवाडीला पोचला. मी गाडी चालवायला. मेहुणी, म्हणजे त्याची बायको, मामांपाशी आधीपासूनच राहायला होती. मशीन आर्मची, आणि बाईचं तयार पॅकेज मिळत होतं ते फक्त जुन्या घराण्याचं. एरर आला. साडूने उभं राहून वाचला. मग त्याने जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमधून तिचा मूळ कोड खणून काढला आणि नव्या चिपसाठी ती पहिल्यापासून बांधायला घेतली. एकेक डिपेंडन्सी रुसत होती, तो समजूत काढत होता. मामा ओट्यावर पाठमोरे बसले होते. दुपार कलली, चहा झाला, आणि अचानक घरात तो पत्र्याचा आवाज घुमला. आम्ही सगळे टाळ्या वाजवणार तोच बाई म्हणाली, "आज सकाळी ढगाळ हवामान."

सकाळी. ढगाळ. दोन्ही 'ळ' खणखणीत.

मामांनी कान टवकारले होते. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सुधारली की. छान झालं," आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले. ते 'छान झालं' मी विसरणार नाही. शाळेच्या निरोप समारंभात मुलांना म्हणतात ना, तसं ते होतं.

मी साडूच्या कानात म्हणालो, अरे, चूक कशी काय गेली? तो स्क्रीनकडे बघत होता. त्याने सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं: अक्षरांना आत आकडे असतात. ते मोजताना जुनी चिप काही आकडे शून्याच्या खाली धरते, नवी धरत नाही. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे जुन्या मशीनवर एकटा 'ळ' घसरायचा आणि शेजारच्या 'ल'वर जाऊन पडायचा. "म्हंजे तिची चूक नव्हतीच दादा. देवकाची होती. सासर बदलला आनि बोली बदलली." एखादं पॅकेज व्यवस्थित चाललंय आणि याचा चेहरा उतरलाय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मामींचा बोलना होता तो. मीच पुसून टाकला."

त्याने पुन्हा बांधायला घेतलं. या वेळी बांधणीच्या आज्ञेत एक जादा शब्द घातला. त्याचा अर्थ, 'जुन्या चिपसारखं मोज'. जन्मभर चुका काढत आलेला माणूस मन लावून एक चूक परत आत घालत होता. मेहुणीने दिवेलागणीची तयारी सुरू केली होती तेव्हा बाई पुन्हा बोलली, "आज सकाली ढगाल हवामान."

ओट्यावरची पाठ ताठ झाली. "सकाळी," मामा म्हणाले. "ढगाळ."

"संध्याकाली पावसाची शक्यता," बाई बेफिकीरपणे पुढे निघाली.

"संध्याकाळी! ळ! जीभ मागे वळव!" मामांचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा निघाला होता. ते वळून, चाचपडत, आत येऊन मशीनजवळ बसले. बाई बातमीमागून बातमी वाचत होती, मामा अडवत होते, ती ऐकत नव्हती. मग कुठल्याशा निकालाच्या बातमीत ती 'शाला' म्हणाली. आम्हाला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी मशीनवर हात ठेवला, मामींच्या पाठीवर ठेवायचे तसा, आणि हळू म्हणाले, "असू दे. कललं मला."

मामांच्या तोंडून 'ल' मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मेहुणी दिव्याची वात सारखी करत राहिली. त्या रात्रीच्या ताटात मामांनी भाकरी पूर्ण संपवली आणि आमटीत मीठ कमी असल्याची तक्रारही केली.

परतीच्या वाटेवर पडघ्याचे दिवे दिसू लागले. मी विचारलं, "बसला ना पॅकेज, साडूबुवा?"

"बसला दादा," तो म्हणाला आणि काचेतून बाहेर बघत राहिला. "पन ती मशीन आता कदी अपडेट करायची न्हाय."