पेज निवेपर्यंत

माझी मावशी पान लिएनशिन भित्री बाई होती. तिला कोणी शूर म्हटलं की मला हसू येतं. दाराची कडी वाजली तरी तिच्या हातातलं काम खाली पडायचं. मी लहानपणीच आईविना तिच्याकडे आले, त्यामुळे तिची भीती मी जवळून पाहिली आहे.

चीनमधल्या आमच्या गावात कम्यून आलं, सगळ्यांची शेती-चूल सरकारी झाली, त्या वर्षी घरोघरच्या कढया पोलादासाठी भट्टीत वितळवायला नेल्या. चूल बंद, अख्खं गाव पूर्वजांच्या देवळात मांडलेल्या खानावळीत जेवायचं. बाकीच्या बायकांना सरपणाची कटकट गेल्याचा आनंद. मावशी मात्र रिकाम्या चुलीपुढे बसून रडली. आमच्याकडे प्रार्थना व्हायची ती जेवणाच्या टेबलाशीच. घरात दुसरी निवांत जागा नव्हती आणि चर्चला तर सरकारनं केव्हाच कुलूप लावलं होतं.

मग तिनं वेणीफणीची वेळ धरली. सकाळी माझे आणि तिच्या धाकट्या लेकीचे, सूएनचे, केस विंचरताना ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायची. कोणी डोकावलंच, तर आई लेकीची वेणी घालतेय, एवढंच दिसावं. शेवटी आम्ही "आमेन" म्हणायचो, तेही कुजबुजत.

"आता मनातच म्हणायला शिका," ती सांगायची. "ओठही हलवायचे नाहीत."

"मग देवाला ऐकू कसं जाणार?" पाच वर्षांच्या सूएनचा प्रश्न.

"त्याचे कान माझ्यासारखे नाहीत. तू नुसती गप्प बस."

पण अंगवळणी पडलेलं जाता जात नाही. खानावळीत घंटा झाली, सगळे रताळ्याच्या पेजेवर तुटून पडले आणि सूएन जेवायच्या काड्या खाली ठेवून मान खाली घालून बसली. आईनं "आमेन" म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक. वाढपावर देखरेख करणारी हू वहिनी डाव घेऊन समोरच उभी होती.

"हिला काय झालं गं?"

"पोट दुखतंय तिचं," मावशी म्हणाली. तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

महिन्यापूर्वीच वरच्या गावातल्या शिए सुताराला प्रार्थना करताना पकडलं होतं. त्याला कुठे नेलं ते कोणाला कळलं नाही, आणि त्याच्या पोरी दोन घरांत वाटल्या गेल्या. काका तिकडे धरणाच्या कामावर. मावशीला नेलं असतं तर सूएन कोणाच्या दारात पडली असती? त्या विचारानं मावशीला झोप लागेना. तिनं आठवडाभर पोरीला घंटा होताच खायला घोकवलं. सूएन शिकली. भराभर घास कोंबायला लागली, अगदी ठसका लागेपर्यंत.

आणि मग चूक झाली ती मावशीच्याच हातून.

त्या दुपारी हू वहिनी मुद्दाम आमच्याच बाकावर जेवायला बसली. घंटा झाली. सूएन खाऊ लागली, मी खाऊ लागले. मावशीच्या काड्या मात्र वाडग्यावर आडव्या. तिचे डोळे मिटले होते. तीस वर्षांची सवय, तिला स्वतःला पत्ताच नव्हता. मी टेबलाखालून तिला लाथ मारली, पण तोवर उशीर झाला होता.

"लिएनशिन, आता तुझंही पोट दुखायला लागलं का गं?"

आजूबाजूची तोंडं चावायची थांबली.

"पेज निवायची वाट बघत होते," मावशी म्हणाली.

"खोटं नको बोलूस. आभार मानत होतीस. कोणाचे?"

मावशी पांढरीफटक पडली. हू वहिनीनं आमच्या दोघींकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या गटप्रमुखाकडे, आणि मोठ्यानं म्हणाली, "कम्यूनचे, दुसऱ्या कोणाचे? बोल की, तोंड शिवलंय का तुझं?"

ती वाचवत होती की सापळा लावत होती, मला आजही सांगता येत नाही.

"हो. कम्यूनचे," मावशी म्हणाली.

सूएननं घास गिळला. "नाही आई, आपण तर—"

मावशीनं तिच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात, की पोरीच्या गालावर बोटं उठली.

"गप्प बस. जेव."

हू वहिनी उठून दुसऱ्या बाकावर गेली. पुढे काहीच झालं नाही. कोणी आलं नाही, कोणाला नेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मावशीनं नेहमीप्रमाणे प्रार्थना म्हटली. मी आमेन म्हटलं. सूएन गप्प. ओठही हलले नाहीत. मावशी थांबली, पुन्हा म्हणाली, थांबली.

"मनात म्हटलंस ना गं?"

सूएननं मान हलवली. हो म्हणून, की केस ओढले गेले म्हणून, कोण जाणे.

मावशी त्र्याऐंशीव्या वर्षी गेली. तोवर चर्च पुन्हा उघडलं होतं आणि सूएन दर रविवारी तिच्या शेजारी बसायची, मान खाली, ओठ मिटलेले. पोर प्रार्थना करतेय की नुसती गप्प बसलीय, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचा धीर तिला कधीच झाला नाही.