घरात फक्त मराठी

आमच्या घरात एका नियमाला अपवाद नव्हता. दाराच्या आत मराठी. नवऱ्याला इथल्या चिप-मशीनच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून फेल्डहोवन या डच गावात आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. सहा महिन्यांत ती पाळणाघरातून डच बोलत घरी येऊ लागली. मी घाबरले. ओळखीच्या घरांतली मुलं आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोलून पळून जाताना मी पाहिली होती. म्हणून नियम केला, आणि तो पाळला जावा म्हणून पद्धतही ठरवली. ती डचमध्ये बोलली तर रागवायचं नाही, ओरडायचं नाही. फक्त उत्तर द्यायचं नाही. "मराठीत सांग, मग ऐकते," एवढं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

पद्धत चालली. रविवारच्या मराठी वर्गाचं सगळं मीच बघते: हॉलचं बुकिंग, वह्या, कोणी कधी खाऊ आणायचा त्याची यादी. तिथे दुसऱ्या आया विचारायच्या, "तुमची कशी हो इतकं स्वच्छ बोलते?" मी त्यांना पद्धत सांगायचे. चार-पाच घरांनी ती उचलली.

आम्ही दोघं मात्र डच शिकलो नाही. दोनदा क्लास लावला, दोनदा सुटला. दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, ऑफिसात इंग्रजीच चालतं, त्यामुळे कधी अडलं नाही. खेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आलं की मुलगी वाचून दाखवायची. नऊ वर्षांची असल्यापासून. शाळेच्या ॲपवर माझं खातंही तिनेच उघडून दिलं. पासवर्ड तिला माहीत होता, कारण तो तिनेच ठरवला होता.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी तिच्या वर्गशिक्षिकेचा मला ऑफिसात फोन आला. इंग्रजीत, अगदी मायेने. मुलीची तब्येत आता कशी आहे, वर्गातली मुलं तिला कार्ड पाठवणार आहेत, पत्ता तोच आहे ना. मी विचारलं, कसली तब्येत. मग त्या म्हणाल्या की तीन आठवडे रोज सकाळी आठच्या आधी तुमच्या खात्यावरून ती आजारी असल्याचा निरोप येतो.

तीन आठवडे रोज सकाळी मी तिला डबा दिला होता. तिने सायकल काढली होती. वळणावर हात केला होता.

मी घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. तो वेळ कसा काढला ते सांगता येणार नाही. ती कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि फोन केला तर ती परतच येणार नाही असं उगाच वाटत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी, नेहमीच्या वेळेला, ती आली. जॅकेट अडकवलं.

"कशी झाली शाळा?"

"छान."

"डबा खाल्लास?"

"हो. पोळी थोडी कडक झाली होती."

"शाळेतून फोन आला होता."

तिने पाण्याची बाटली सिंकमध्ये ठेवली. नळ सोडला, बंद केला.

"कुठे जात होतीस गं?"

"लायब्ररीत."

"रोज? का?"

"मला सांगता येत नाही, आई."

"सांगता येत नाही म्हणजे काय? बोल ना. मी रागवत नाही."

"रागाचं नाही. मला त्याचं मराठी येत नाही."

मला वाटलं टाळते आहे. जी मुलगी आत्या, मावशी, काकू, मामी यांत कधी चुकत नाही, जी आजीला फोनवर कढीपत्ता कसा वाळवला ते सांगते, तिला मराठी येत नाही? संध्याकाळी तिचा बाबा आला. तो म्हणाला, "बरं, मग इंग्रजीत सांग."

"इंग्रजी तुमच्या ऑफिसची आहे, बाबा. मी काय तुमची क्लायंट आहे?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये मी सांगायला आले होते. तू चकल्या करत होतीस."

"मग?"

"मग काय. तू म्हणालीस मराठीत सांग. मी थोडा वेळ थांबले. तेल तापलं होतं म्हणून तू तिकडे वळलीस. मी वर गेले."

मला हे आठवत नाही. अजूनही आठवत नाही. त्या आठवड्याचं माझ्या डायरीतलं पान मी काढून पाहिलं. भाजणी, हॉलची किल्ली, सायकलचा दिवा, आकाशकंदिलाचा कागद, डेल्फ्टला शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना फराळ किती. सगळ्यावर बरोबरची खूण. ती त्या पानावर नव्हती.

गुरुवारी आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, वेळ मिळाली. साधारण माझ्याच वयाच्या बाई. मी आदल्या दिवशी मुद्दे लिहून ठेवले होते: झोप, भूक, पाळी, वजन, शाळेतली गैरहजेरी. ते मी इंग्रजीत वाचून दाखवले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि मुलीला इंग्रजीतच विचारलं, तुला स्वतःला काय सांगायचंय?

ती डचमध्ये बोलायला लागली.

मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरातली माझी मुलगी शब्द जपून, वाक्य पूर्ण करून बोलते, वर्गात शाबासकी मिळेल असं. ही मुलगी धबाधबा बोलत होती, हात हलवत होती, मध्येच कुणाची तरी नक्कल करत होती, एकदा हसलीसुद्धा. मग आवाज खाली गेला आणि ती रडायला लागली आणि रडता रडता बोलतच राहिली. मला शाळा कळलं, जेवणाची सुट्टी कळलं, मुली कळलं. 'आई' दोनदा ऐकू आलं, मराठीतलं आई. त्याच्या आगेमागे काय होतं ते कळलं नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला कळतंय ना?"

मी मान हलवली. हो.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तिला थांबवलं तर ती पुन्हा सुरू करणार नाही अशी भीती होती. आणि हेही होतं की दहा वर्षं इथे राहून, त्या खुर्चीत बसून, माझ्या पोटच्या मुलीचं बोलणं मला कळत नाही असं परक्या बाईला सांगणं माझ्याने झालं नाही.

शेवटी डॉक्टर माझ्यासाठी इंग्रजीत बोलल्या. मानसोपचारतज्ज्ञांसाठी पत्र देते, पण रांग मोठी आहे, उन्हाळ्याआधी नंबर लागणं कठीण. तोवर दर आठवड्याला ती माझ्याकडे येईल. रात्री-अपरात्री काही वाटलं तर हा नंबर. तिला एकटं ठेवू नका. "आणि आत्ता तिने जे सांगितलं ते लक्षात घेता, घरातली औषधं कुलुपात ठेवा. आजच."

मी पुन्हा मान हलवली.

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, पण तिचे खांदे सैल झाले होते. "बरं वाटलं," ती म्हणाली, "तुला कळलं ते." आणि घरी येईपर्यंत झोपली. तीन आठवड्यांत प्रथमच तिचा चेहरा लहानपणीसारखा दिसत होता. मी साठच्या रस्त्यावर चाळीसने गाडी चालवत होते.

आमच्याकडे, इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो तसा, पुण्याहून आणलेल्या औषधांचा डबा आहे. इथले डॉक्टर सगळ्याला तापाची गोळी घ्या म्हणतात, म्हणून दर सुट्टीत आपण आपलं भरून आणायचं. मी तो डबा ओट्यावर रिकामा केला. सर्दीच्या, पित्ताच्या, जुलाबाच्या, ॲलर्जीच्या. सासऱ्यांच्या राहिलेल्या झोपेच्या गोळ्याही निघाल्या, अख्खी पाकिटं. वर चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या: कशासाठी, किती, जेवणाआधी की नंतर. सगळं मराठीत, तिला वाचता येईल असं. मी सगळं नंबरच्या कुलुपाच्या बॅगेत भरलं आणि नंबर बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तसंच रेटलं. तिला वाटत होतं मला सगळं माहीत आहे, आणि त्या भरवशावर ती माझ्याशेजारी सोफ्यावर बसून मटार सोलत होती. तिने काय ठरवलं होतं, कधी ठरवलं होतं, अजून ठरवलेलं आहे का, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. नवरा म्हणाला होता, "नको सांगूस गं, बरी आहे ती आज." पण माहीत नसताना लक्ष तरी कशावर ठेवायचं?

"बाळा," मी म्हटलं, "काल तू डॉक्टरांना सांगितलंस ते मला कळलं नाही. थोडं कळलं. बाकीचं नाही."

तिचे हात थांबले. "तू हो म्हणालीस."

"खोटं म्हणाले."

"का?"

"तू बोलत होतीस. मला ते थांबवायचं नव्हतं."

मी म्हटलं, "पुन्हा सांग. डचमध्येच सांग. अडेल तिथे मी फोनवर बघते, हळूहळू."

"नाही. पुन्हा नाही." आणि मग भिंतीकडे बघत, इंग्रजीत, मीटिंगचा वृत्तान्त वाचावा तसं: वर्गातल्या मुलींनी नवा ग्रुप केला आणि तिला घेतलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती टॉयलेटमध्ये डबा खायची. नंतर ती शाळेत गेलीच नाही. जानेवारीत एकदा तिने औषधांचा डबा उघडून मोजलं होतं आणि परत बंद केला होता. चार वाक्यं. डॉक्टरांकडे ती आठ-नऊ मिनिटं बोलली होती.

मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं. मटार खाली सांडले, ते तसेच राहिले.

"बाकीचं?" मी नंतर विचारलं. "माझं नाव घेत होतीस. दोनदा."

"ते डॉक्टरांना माहीत आहे."

डॉक्टरांनी दिलेलं पत्र टेबलावर होतं. दोन पानं, डचमध्ये, पाकीट उघडंच. तिने ते बघितलं, मी बघते आहे हेही बघितलं.

"त्यात सगळं असेल," ती म्हणाली. "फोनवर भाषांतर करून वाचू नकोस. मी सांगेन."

"कधी?"

"माहीत नाही, आई."

आता एप्रिल आहे. ती आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाते, मी सोडते आणि आणते. मानसोपचारतज्ज्ञांकडे अजून नंबर लागलेला नाही. पत्र माझ्या ऑफिसच्या बॅगेत असतं, कारण घरी ठेवलं तर मी ते काढीन. एका मिनिटाचं काम आहे. रोज दुपारी मी पाकिटाला हात लावते आणि पत्र आत आहे एवढं बघून चेन ओढते.